पूर्वेची गॅलरी

केशरबाईला वजन कळायचं. उसाची मोळी डोक्यावर घेण्याआधी ती पायाने जरा ढकलून बघायची आणि सांगायची, "ही एकलीच्यानं न्हाई व्हायची, दोघी या." पाथर्डीकडच्या माळावरून दर दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा अजिनाथ टोळी घेऊन प्रवरेच्या काठी ऊसतोडीला यायचे. टोळीचा मुकादम अजिनाथ, पण ट्रकमध्ये ऊस कसा रचायचा, कुठली बाजू आधी भरायची, फळीवरून कुणी कुणाच्या मागं चढायचं, हे सगळं केशरबाईच्या तोंडून निघायचं. तिचा शब्द कुणी मोडत नसे, आणि त्याला कारण होतं.

बारा वर्षांपूर्वी राहात्याच्या बाजूला एका ओल्या रानात उसाची ट्रॉली भरत होते. केशरबाईला आधी लोखंडाची बारीक कुरकुर ऐकू आली. ती ड्रायव्हरला म्हणाली, चाक खचतंय, भरणं थांबवा. तो हसला. मग कुरकुर एकदम थांबली. सगळं गप्प झालं, आणि त्या गप्प होण्यानंतर दोन श्वास जातात न जातात तोच ट्रॉली आडवी झाली. फळीवर तिची नणंद साळूबाई होती. मोळ्या उपसून तिला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती, हातातली चुंबळ मात्र तशीच होती.

तेव्हापासून भरलेल्या कुठल्याही गाडीजवळ गेली की केशरबाई आधी ऐकायची.

यंदा टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, कोल्हारच्या बाहेर, फुटबॉलच्या मैदानामागच्या पडीक तुकड्यात पडल्या होत्या. या भागात फुटबॉल जुना. मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्या पोरांनी तो गावात आणला, आणि पुढं दर माघात स्पर्धा भरू लागली. मैदानाला नुसता मातीचा बांध होता. त्या बांधावर आणि आणलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर बसून लोक सामने बघायचे, वीस रुपयांची पावती फाडायचे, भुईमुगाच्या शेंगा खायचे आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. ऊसतोडीच्या बायकासुद्धा येताजाता बांधावर टेकायच्या.

यंदा बांध नव्हता. मंडळाचे अध्यक्ष सूर्यभानआण्णा यांनी जेसीबी लावून तो सपाट केला होता. आण्णांचा गावात वचक होता. बोलणं मऊ, पण एकदा बोलले की विषय संपला. कोल्हारला कायमचं स्टेडियम व्हावं हे त्यांनी मनावर घेतलं होतं. मुंबईहून मोठे पाहुणे अंतिम सामन्याला येणार होते. त्यांनी गच्च भरलेलं मैदान डोळ्यांनी बघितलं की सरकारी अनुदान पक्कं, असा आण्णांचा हिशोब. म्हणून तीन बाजूंनी लोखंडी पाइपांच्या गॅलऱ्या उभ्या राहिल्या. सगळ्यांत उंच पूर्वेची, बावीस पायऱ्यांची. तिच्या पाठीमागं लगेच पाटाची चारी आणि चारीपलीकडं लावणीचा ऊस.

केशरबाईने ती गॅलरी कोपीच्या दारातून वर चढताना रोज बघितली. पाइपांच्या पायाखाली सिमेंट पडलं नाही हेही तिने बघितलं. पायाखाली विटा ठेवल्या होत्या आणि काही ठिकाणी लाकडाचे ठोकळे.

"काळी जमीन हाय," ती अजिनाथला म्हणाली. "कोरडी हाय तवर ठीक. पाटाला पानी सुटल्यावर काय?"

"आपल्याला काय करायचं? आपन काय तिथं बसनार हाय का?" अजिनाथ म्हणाला.

स्पर्धा सुरू झाली आणि गॅलऱ्या ओस पडल्या. साधी जागा शंभर रुपये, पूर्वेची गॅलरी तीनशे, आणि मंचाजवळच्या कापड घातलेल्या खुर्च्या पाचशे. तिकीटखिडकीवर विजयमाला बसायची. नवरा वारल्यावर मंडळाच्या कार्यालयात झाडलोट आणि लिखापढी करणारी ही बाई संध्याकाळी कोप्यांवरून घरी जाताना केशरबाईकडं घोटभर चहाला थांबायची. ती सांगायची, "लोक खिडकीपर्यंत येतात, भाव विचारतात आणि मागं फिरतात. एक म्हातारा म्हणाला, बाई, चाळीस वर्षं या बांधावर बसलो, आता माझ्याच बुडाला तीनशे रुपये? मी आण्णांना म्हटलं, भाव उतरवा, मैदान भरेल. तर म्हणाले, भाव उतरवला की लोक म्हणतील माल खपत नाही."

भाव उतरला नाही. दुसऱ्या आठवड्यात कल्याण कोप्यांवर आला.

कल्याण मंडळाचा व्यवस्थापक. तिशीतला, कानाला सतत मोबाईल, पायात पांढरे बूट. आण्णांच्या शब्दाखातर तो रात्रीचा दिवस करी. अजिनाथशी दोन शब्द बोलून तो थेट केशरबाईकडं वळला. माणसं कुणाच्या शब्दाने हलतात हे त्याने आधीच विचारून घेतलेलं असावं.

"मावशी, उपांत्य सामन्याला दीडशे माणसं पाहिजेत. गॅलरीत बसायचं, एवढंच काम. कारखाना त्या दिवशी साफसफाईला बंद आहे, तुम्ही मोकळेच असणार. हजेरी मिळेल, वडापाव मिळेल."

"नुसतं बसायचं?"

"बसायचं, आणि मी खालून पिवळा झेंडा हलवला की सगळ्यांनी उठून उड्या मारायच्या, ओरडायचं. वरून ड्रोन शूटिंग करतोय. भरल्यासारखं दिसलं पाहिजे."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तीस हंगाम मोळ्या वाहिल्या, पण नुसतं बसायची हजेरी कुणी दिली नव्हती. केशरबाईही हसली. सून पंकजा म्हणाली, "आत्या, जाऊ की. बघू तरी काय असतंय."

उपांत्य सामन्याला दीडशे माणसं गेली. झेंडा हलला, माणसं उठली, उड्या मारल्या, आणि गॅलरी झोक्यासारखी मागंपुढं हलली. पोरांना मजा वाटली. केशरबाईने मात्र पायरीची कड घट्ट धरली होती. उतरल्यावर ती कल्याणला म्हणाली, "हलती हाय ही. फार हलती."

"लोखंड असंच असतं मावशी. पुलावरून ट्रक गेला की पूल हलतो, पडतो का?"

त्या सामन्याचा व्हिडिओ गावभर फिरला. गॅलरी भरलेली दिसत होती, आण्णा खूश होते. अंतिम सामन्याला चारशे माणसं हवीत, असा निरोप आला. केशरबाईने आजूबाजूच्या दोन टोळ्यांना सांगितलं. तिच्याच शब्दावर ती माणसं हो म्हणाली, आणि पुढं कितीतरी दिवस ही गोष्ट तिच्या मनात काट्यासारखी राहिली.

सामन्याच्या तीन दिवस आधी पाटाला आवर्तन सुटलं. चारी तुडुंब वाहू लागली. पलीकडच्या उसाला पाणी बसलं, आणि अलीकडच्या तुकड्यात कोप्यांची जमीनसुद्धा गार लागू लागली. केशरबाईने चुलीजवळ बोट खुपसून बघितलं. बोट पेरभर आत गेलं.

रविवारी दुपारी चारशे माणसं पूर्वेच्या गॅलरीत चढली. वरच्या पायऱ्यांवर टोळ्यांची माणसं, खालच्या चार-पाच पायऱ्यांवर तिकीट काढून आलेले शंभरेक लोक. लेकुरवाळ्या बायका लेकरं घेऊन आल्या होत्या. मैदानात चुन्याच्या पांढऱ्या रेघा उन्हात डोळ्यांवर येत होत्या. मंचावर पाहुणे, फेटे, हार. लाऊडस्पीकरवर निवेदक सांगत होता की जिल्ह्याच्या इतिहासात एवढी गर्दी झाली नाही.

सामना सुरू झाला. कोल्हारचा संघ जोरात होता, चेंडू सारखा समोरच्या गोलाजवळ घुटमळत होता. बायकांना नियम कळत नव्हते, पण चेंडू जाळ्यात गेला की आपण जिंकलो एवढं पंकजाने सगळ्यांना समजावलं होतं.

वीसेक मिनिटं झाली असतील. केशरबाईला उठावं लागलं. मैदानावर बायकांसाठी सोय नव्हती. गॅलरीला मागून हिरवं कापड ताणलं होतं, त्याच्या आडोशाला जावं म्हणून ती खाली उतरली आणि कापड उचलून आत शिरली.

आत अंधारं, गार होतं. डोक्यावर पाचशे माणसांचे पाय. तिचा स्वतःचा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. तिने डोळे बारीक करून बघितलं. मागच्या रांगेतल्या पाइपांच्या पायाखालच्या विटा दिसतच नव्हत्या. एका पायाखालचा ठोकळा मधोमध फुटला होता आणि पाइप वीतभर खाली गेला होता. त्याला लागलेला आडवा पाइप वाकून धनुष्यासारखा झाला होता. आणि वरून आवाज येत होता. बारीक, कुरकुर.

केशरबाई ज्या कामाला आली होती ते विसरली. ती बाहेर आली आणि जवळजवळ पळतच कल्याणकडं गेली.

"दादा, मागचे पाय खचलेत. चला, बघा."

"मावशी, आत्ता? पाहुण्यांचं भाषण मध्यंतरात आहे..."

"आधी बघा."

तो आला. कापड उचलून आत डोकावला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता. त्याने मंचाकडं बघितलं, आण्णांकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

"मध्यंतराला वीस मिनिटं आहेत," तो म्हणाला. "तोवर थांबा. मग बघू काहीतरी. आत्ता गॅलरी रिकामी झाली तर आण्णा मला उभा जाळतील."

"आन् तवर गोल झाला तर? सगळी एकदम उठत्याल."

कल्याणने हातातला पिवळा झेंडा पाठीमागं धरला.

"झेंडा हलवायचा न्हाई," केशरबाई म्हणाली. "हलवलास तर तुझ्या आईची शपथ हाय तुला." तिने पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं होतं.

तिला ओरडता आलं असतं. पण ओरडल्यावर काय होतं हे तिला माहीत होतं. बुजलेले बैल एकीकडं ओढतात आणि गाडी उलटते. पाचशे माणसं एका जिन्याकडं धावली असती तर गॅलरी तिथंच बसली असती. ती सावकाश वर चढली. प्रत्येक पायरीवर पाऊल टाकताना जीव टाचेत येत होता. सगळ्यांत वर अजिनाथ बसला होता. ती त्याच्या कानाशी वाकली.

"अवो, ऐका. तोंड बदलू नका. खाली खचतंय. वरनं एकेक रांग खाली धाडायची. लेकरंवाल्या आधी. कुनी धावायचं न्हाई, कुनी उठून उभं ऱ्हायचं न्हाई."

अजिनाथने तिच्याकडं बघितलं. त्यानेही साळूबाईला मोळ्यांखालून काढलं होतं. ती त्याचीच बहीण. "तू खाली जा, मी वरनं सोडतो," एवढंच म्हणाला.

केशरबाईने पंकजाला पुढं घातलं आणि मोठ्याने, हसऱ्या आवाजात म्हणाली, "वडापाव खाली वाटत्यात गं! पन कल्याणदादा म्हनला, येका रांगंनं या, दंगा केला तर मिळनार न्हाई. वरची रांग आधी!"

माणसं उठली. वाकून, एकामागं एक, उसाच्या फळीवरून उतरावं तशी. तीस वर्षांची सवय पायात होती. पुढचा उतरल्याशिवाय मागचा पाऊल टाकत नव्हता. पहिली रांग गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. खाली पंकजा त्यांना कापडापासून दूर, मैदानाच्या कोपऱ्यातल्या लिंबाकडं नेत होती. तिकीटवाल्यांतलेही काही वडापावच्या आशेने उठून त्यांच्या मागोमाग गेले. एकजण कुरकुरला, "आम्ही तीनशे रुपये दिले, आणि खाऊ ह्यांना?" केशरबाई म्हणाली, "तुमालाबी हाय भाऊ, चला." तो गेला.

लाऊडस्पीकर कडाडला. "पूर्व गॅलरीतल्या प्रेक्षकांनी जागा सोडू नये! ड्रोन तुमच्याकडे येतोय! हात वर करा! उभे राहा!"

कुणी उभं राहिलं नाही. अजिनाथ वर हाताचा पंजा खाली दाबून बसला होता, बसा, बसा. मंचावर सूर्यभानआण्णा खुर्चीतून उठले. एवढ्या लांबूनही त्यांच्या मानेच्या शिरा दिसाव्यात असं केशरबाईला वाटलं. कल्याण मंचाच्या पायथ्याशी होता, झेंडा त्याच्या हातात तसाच लोंबत होता.

वर तीन रांगा उरल्या, साठेक माणसं. खालच्या पायऱ्यांवर पन्नासेक तिकीटवाले अजून हटून बसलेले. केशरबाई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तेव्हा कुरकुर थांबली.

मैदानात आरडाओरडा चालू होता, शिट्ट्या, ढोल. तरी तिच्या कानाला ते थांबणं स्पष्ट ऐकू आलं. तिने वर बघून हात उंचावला. त्याच क्षणी कोल्हारच्या पोराने चेंडू जाळ्यात मारला.

सगळं मैदान उठलं. खालचे तिकीटवाले उठले, नाचले. वरच्या साठांतले काहीजण न राहवून उठले. गॅलरीची पाठ एखाद्या म्हशीने बसकण मारावी तशी खाली गेली. आधी सावकाश, मग एकदम. फळ्या सुटल्या. हिरवं कापड फाटलं. ओरडण्यातलं जिंकणं कधी गेलं आणि भीती कधी आली, कुणालाच सांगता आलं नाही. रेफ्रीची शिट्टी बराच वेळ वाजत राहिली.

कुणी मेलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर विजयमालाला सांगितलं की वर पाचशे माणसं असती तर गोष्ट वेगळी होती. तेरा जण जखमी झाले. तिकीट काढून आलेल्या एका मास्तरांचा हात दोन ठिकाणी मोडला. टोळीतल्या सहा जणांना मार बसला, आणि शेवटच्या रांगेला सोडून मग उतरणार असलेल्या अजिनाथचं कमरेचं हाड मोडलं. त्याला फळीवर घालून नेत होते तेव्हा तो केशरबाईला विचारत होता, "सगळी खाली आली का?"

दुसऱ्या दिवशी केशरबाईला पोलीस ठाण्यात जबाबाला बोलावलं. तिथं सूर्यभानआण्णा आधीच बसले होते. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, गॅलरी भक्कम होती. उपांत्य सामन्याचा व्हिडिओ बघा. या मजूर लोकांनी वडापावसाठी एकदम जिन्याकडं गर्दी केली, तोल गेला. आम्ही माइकवरून जागा सोडू नका म्हणून सांगत होतो. तेही रेकॉर्डिंग आहे."

रेकॉर्डिंग होतं. त्यात निवेदकाचा आवाज होता आणि उठून जाणारी माणसं होती. विटा, चिखल आणि फुटलेला ठोकळा त्यात नव्हता. कारण ड्रोन वरून बघत होता.

"कल्याणदादानं आत डोकं घालून बघितलं," केशरबाई म्हणाली. "त्याला विचारा."

कल्याणला विचारलं. त्याने खाली मान घालून सांगितलं, "मला कुणी काही दाखवलं नाही."

विजयमाला मात्र आली. कामावरून जाणार हे माहीत असूनही तिने लिहून दिलं की पायाखाली विटा होत्या, मी रोज बघत होते. मोडलेली गॅलरी तोवर सोमवारी सकाळीच उचलून नेली होती. जागेवर माती ओढून रोलर फिरवला होता. गुन्हा 'अज्ञात' इसमांवर दाखल झाला, आणि आठवड्यात विजयमालाचं काम गेलं.

टोळीत कुजबुज झाली. दुसऱ्या एका टोळीच्या मुकादमाने तोंडावर म्हटलं, "तुझ्या शब्दावर आमची मानसं तिथं गेली." त्याचं खोटं नव्हतं. लोकांना तिने वाचवलं हे जेवढं खरं होतं, तेवढंच त्यांना तिने तिथं नेलं हेही खरं होतं. अर्ध्या हंगामातच ती अजिनाथला घेऊन गावी परतली.

अजिनाथ चालू लागला, पण काठी घेऊन. कोयता त्याच्या हातात पुन्हा यायचा नव्हता. पुढच्या दिवाळीनंतर गावचे ट्रक निघाले तेव्हा टोळीला नवा मुकादम होता. मुलगा आणि पंकजा गेले. घरात दुसरं काय होतं! केशरबाईने पंकजाच्या पिशवीत भाकरी बांधताना सांगितलं, "बसायला बोलवलं तर जायचं न्हाई. कुनी काय बी देऊ द्या."

माघ लागला. एके दिवशी दुपारी पंकजाचा फोन आला. आवाज दबका होता.

"आत्या, गॅलरी पुन्हा बांधलीय. अनुदान मंजूर झालं म्हनं, आता पाया भरायच्या आधी पाव्हन्यांना दाखवायला शेवटची येक स्पर्धा. यंदा नदीच्या अंगाला, गेल्या सालापेक्षा उंच. तिकीट पाचशे."

"मग येतंय का कुनी?"

"न्हाई येत. म्हनून तर काल कल्याण आला हुता. सहाशे मानसं मागितली. मुकादम व्हय म्हनला. आमचं नाव बी लिवलंय. न्हाई म्हनलं तर म्हनतोय, उद्यापासनं कोप्या उचला."

"जमीन कशी हाय तिथली?"

"पाय घसरतोय, आत्या."

"सामना कधी?"

"परवा."

केशरबाईने फोन ठेवला. अजिनाथ ओट्यावर बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "तुझं कोन ऐकनार हाय तिथं?" तो म्हणाला. "गेल्या सालचा डाग हाय तुझ्यावर."

"ठावं हाय."

"आन् आण्णाच्या मानसांनी गेटावरच धरलं तर?"

तिने घरातली कामं उरकली, पाणी भरून ठेवलं, शेजारणीला अजिनाथच्या जेवणाचं सांगितलं. विजयमालाला फोन लावला. तो दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा तिने उचलला आणि सगळं ऐकून म्हणाली, "या. कोल्हारच्या फाट्यावर थांबते मी."

दुसऱ्या दिवशी नगरला जाणाऱ्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरने कुठं म्हणून विचारलं. तिने कोल्हारचं सांगितलं, मग लक्षात आलं की आधी नगरला उतरून गाडी बदलावी लागणार. गाडी घाटाच्या वळणाला लागली. उद्या गेटावर उभं राहून सहाशे माणसांना काय सांगायचं, हे तिला अजून सुचलं नव्हतं. करोडीच्या फाट्यावर उसाने भरलेला एक ट्रॅक्टर बाजूला घेऊन उभा होता आणि ड्रायव्हर खाली वाकून चाक बघत होता.